सत्तेचाळीस नंबरचा भात

तलासरी,
१२ डिसेंबर

तीर्थरूप रामनाथमामांस,

भाची हर्षदाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? नूतनमामी अजून भाजीत मीठ मोजूनच घालते ना? (तिला सांगा, मी इथे तिचीच बाजू घेते.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही आधी आकडा विचारता आणि बाकीचं राहूनच जातं.

तुमच्या केंद्राचं संशोधन शेतापर्यंत पोचलं की कपाटातच राहिलं, हे मोजायचं काम संस्थेने मला दिलं आणि त्यात तुमचाच सत्तेचाळीस नंबरचा भात निघाला, तेव्हा वाटलं देव पावला. पहिल्या दिवशी झरीला गेले. तिथे मोबाईलचा टॉवर गुजरातचा, म्हणून माझा टॅब मला परराज्यात समजून फॉर्मच उघडेना. शेवटी लाहूकाकांच्या आंब्यावर अर्ध्यापर्यंत चढले (साडीत नव्हते, मामीला काळजी नको), तेव्हा महाराष्ट्रात आले. लाहूकाका खालून उत्तरं देत होते. सत्तेचाळीस नंबर लावता का? हो. कधीपासून? तुम्ही सांगाल तेव्हापासून. दारी आलेल्या माणसाला नाही म्हणून पाठवायचं नाही, ही त्यांची रीत; मी मूर्ख, ती टॅबमध्ये भरत गेले. चाळीस घरं, चाळीस हो. त्याच आनंदात तुम्हाला फोन केला आणि तुम्ही आळीभर पेढे वाटलेत (मधुमेहवाल्यांनाही, असं मामी म्हणाली).

मग आमचे नविनसर (भाताचं शेत त्यांनी बहुधा एसटीच्या खिडकीतूनच पाहिलंय) म्हणाले, बियाणं डोळ्यांनी बघा आणि नाव विचारून लिहा. पुन्हा चाळीस घरं पालथी घातली. प्रत्येकाने कणगीतून बी काढून दाखवलं आणि एकच नाव सांगितलं, जमनाचा भात. सत्तेचाळीस नंबर कुणी ऐकलासुद्धा नव्हता. चाळीसाचं शून्य झालं. अहवाल सोमवारी जाईल आणि शून्य आलं की तुमचा वाण शिफारशीच्या यादीतून निघेल. मामा, मला फार वाईट वाटतंय. या वाणासाठी घातलेली तुमची बारा वर्षं पुसायला घरातलीच मुलगी मिळाली.

आपली,
हर्षदा

ता. क. १: शून्य अजून भरलेलं नाही. ते बी मी नीट पाहिलं. दाणा बारीक, टोकाला जांभळी छटा, भर पावसातही आडवा न होणारा भात. ही तुमच्याच वाणाची खूण ना? इथे लेकीला सासरी पाठवताना टोपलीभर बी देतात, तसा तो गावोगाव गेलाय. फॉर्ममध्ये 'बी कुठून मिळालं' या प्रश्नाखाली दुकान आहे, केंद्र आहे, माहेर नाही.

ता. क. २: खरं सांगायचं ते आता सांगते. जमनाबाईंना भेटले. वीस वर्षांपूर्वी त्या तुमच्या प्रयोगाच्या शेतावर रोजाने होत्या. पदराला मूठभर भात बांधलेला सापडला म्हणून तुम्ही त्यांना सगळ्यांदेखत काढून टाकलंत. पदरातला भात तुम्ही काढून घेतलात, अंबाड्यातला राहिला. मी तुमची भाची हे कळल्यावर त्या उठल्या. आत गेल्या, सूपभर भात आणून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "साहेबांनी परत मागवला काय?" मी नाही म्हटलं, पण त्यांना ते खरं वाटलं नाही. गुडघे दुखत असले तरी सोमवारच्या आत या, आणि ते 'नाही' त्यांना तुमच्या तोंडाने सांगा. आकडा मी त्यानंतर भरेन.