केनेथची न खपलेली तबकडी

लंडन, नोव्हेंबर १९७०

चि. विल्फ यास आईचे आशीर्वाद.

मी सांगते आहे, घरमालकीणबाईंची मॉरीन लिहिते आहे. तेव्हा अक्षर तिचं, टोमणे माझे. माझे गुडघे ठीक आहेत. तुझा खोकला कसा आहे?

तुझ्या केनेथची ब्लूजची तबकडी निघाली आणि बुडालीही. दुकानदार म्हणाला, "आजी, फुकट दिली तरी कुणी नेत नाही." साथीदार पांगले. पोरगा आता पावाची गाडी चालवतो, पोटभर जेवतो. घरी जा म्हटलं की म्हणतो, "बाबांनी हाकललंय, बाबांनीच बोलवावं."

एक तबकडी पाठवते आहे. एका अख्ख्या बाजूला एकच गाणं. मी डुलकी काढून उठले तरी तेच चालू! पण मध्येच सगळे थांबतात आणि केनेथ एकटा माऊथ ऑर्गन वाजवतो. खाणीतून आल्यावर पायरीवर बसून तू वाजवायचास, तीच चाल. तुझ्या छातीत कोळसा बसल्यापासून ती कुणी ऐकली नव्हती.

ऐकून कौतुक करू नकोस, तुला जमायचं नाही. "चाल चुकली आहे, घरी ये, दाखवतो," एवढंच लिही. धावत येईल.

चाल कुठेच चुकलेली नाही, हे तू, मी आणि मॉरीन, आपल्या तिघांतच राहू दे.

सूनबाई एडिथला आशीर्वाद.

तुझी आई