कळण्यापुरतं चिनी

ऑर्हूस, ९ नोव्हेंबर

प्रिय आस्गर,

तुझं पत्र पोचलं, आणि धुरावलेला मासाही. पार्सल उघडल्यापासून जिना दरवळतोय. वरच्या मजल्यावरच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, कुठे काही जळतंय का. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण सायकल सुटलेली नाही. तुझ्या छातीचं काय? डॉक्टरकडे जाऊन आलास, की अजून 'जाईन, जाईन'च चाललंय?

तू ऐकलंस ते खरं आहे. मी विद्यापीठात चिनी शिकते. 'या वयात चिनी? वेगळे होईपर्यंत आपण इतकी वर्षं डॅनिशच बोललो, त्यात काय दिवे लावले?' असं लिहिलंयस. मला हसू आलं. मग रागही आला. मग वाटलं, बरोबरच आहे.

पण मला सांग, दुसरं काय करणार होते? एस्बेन होता तोवर दर रविवारी चीनमधून, सूचोहून फोन यायचा. त्याच्या मांडीवर आपली नात, आनआन. तिचं चिनी तो आपल्याला डॅनिशमध्ये सांगायचा, आपलं डॅनिश तिला चिनीत. आपला मुलगा गेला आणि मधलं बोलणारं माणूसच गेलं. शूवेन माझ्याशी इंग्रजीत बोलते, सून म्हणून लागतं तेवढं. पण पोरीला बापाकडून आलेलं चार शब्दांचं डॅनिश दोन वर्षांत पुसलं गेलं. आता पाच वर्षांची झाली. स्क्रीनवर येते, भडाभडा काहीतरी सांगते, आणि मी आपली मान डोलावते. तिने 'माझं बोट कापलं' म्हटलं तरी मी 'छान, छान' म्हणून हसणार. एका रविवारी फोन ठेवला आणि सोमवारी जाऊन नाव घातलं.

विभागात दोन गट करतात. थोडंफार येणाऱ्यांचा पुढचा, आणि कोऱ्या पाट्यांचा आमचा. कोणाला कुठे बसवायचं ते गुओ बाई ठरवतात. त्यांनी मला चिनीत काहीतरी विचारलं, मी सवयीने मान डोलावली. "मी विचारलं, तुमचं नाव काय," त्या डॅनिशमध्ये म्हणाल्या. "बसा, पहिल्या बाकावर बसा." वर्गातली पोरं आपल्या एस्बेनपेक्षाही कितीतरी लहान. परवा मला बाईंना 'एक विचारू का' असं म्हणायचं होतं. सूर चुकला, आणि मी 'तुमचा एक मुका घेऊ का' असं म्हणाले. गुओ बाई शांतपणे म्हणाल्या, "तासानंतर." अख्खा वर्ग लोळला.

एक मैत्रीणही मिळाली आहे, रुईचिन. तिच्या आईवडिलांची रांडर्सला खानावळ आहे. घरी त्यांच्या गावची बोली बोलतात, प्रमाण चिनीही ती लहानपणापासून ऐकते, म्हणून तिला पुढच्या गटात टाकलं. पण तिला एक अक्षर वाचता येत नाही. तिथली चीनमध्ये वर्षभर राहून आलेली सोनेरी केसांची पोरं फळ्यावरचं धडाधड वाचतात आणि हिच्याकडे बघतात. "मावशी, तुम्ही शून्यापासून सुरू केलंत," ती मला म्हणाली, "मी शून्याच्याही खालून. तुम्हाला आलं नाही तर लोक कौतुक करतात, मला आलं नाही तर विचारतात, तुला कसं येत नाही?" आम्ही दोघी उपाहारगृहात बसतो. ती माझे सूर घोटून घेते, आणि अक्षरं दोघी मिळून गिरवतो. त्यात आम्ही सारख्याच अडाणी.

आणि ऐक. गेल्या रविवारी मी आनआनला विचारलं, "जेवलीस का? काय जेवलीस?" ती थांबली. मग ओरडली, "नाइनाइ, तू बाळासारखं बोलतेस!" आस्गर, मला कळलं! शब्द न् शब्द. नाइनाइ म्हणजे बापाची आई. हाच शब्द मी सगळ्यात आधी शिकले होते.

मे महिन्यात सूचोला जाऊ या म्हणतोस, तर तिकिटं काढ. दोघांची. विमानात तरी भांडणार नाही.

वीबेके


ऑर्हूस, २२ मार्च

प्रिय आस्गर,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला उशीर झाला. परीक्षा होती, मग सर्दी झाली. बाल्कनीतल्या कुंड्या वादळाने उलथल्या, त्यातली लव्हेंडर वाचेल असं वाटतं. तुझी बोट रंगवून झाली का? लिहिलं नाहीस. आणि छातीचा फोटो चांगला आला हे वाचून बरं वाटलं. खरंच आला ना?

मी पास झाले. गुओ बाई म्हणाल्या, "हात सुधारा, कान चांगला आहे." रुईचिनसुद्धा लेखी परीक्षेत पास झाली. त्या आनंदात तिने मला रांडर्सला नेलं. तिची आई मला डॅनिश बोलू देईना. मी चुकले की वाढपाचा डाव माझ्या ताटावर तसाच धरून ठेवायची, आणि बरोबर बोलले की भात पडायचा. उपाशी राहिले नाही, एवढं सांगते.

तू काढून ठेवलेल्या तिकिटांचं विचारतोयस. आनआनला लाकडी बोट करून ठेवली आहेस, तिची शिडं उघडतात मिटतात, हेही वाचलं. म्हणूनच हात उचलत नव्हता.

शूवेनने जानेवारीत लग्न केलं. मला तिने आधी सांगितलं होतं, मी तुला कळवलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नव्हे. लिहिलं की खरं होईल असं वाटायचं. तिच्यावर राग धरू नकोस. एस्बेन स्कूटरवरून पडून गेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. तिने किती काळ भिंतीकडे बघत बसायचं?

त्यांच्या नववर्षानंतरच्या रविवारी फोन लागला. घर नवं होतं. आनआन मला शाळेत पाहिलेल्या सशाचं सांगत होती आणि मला बहुतेक सगळं कळत होतं. तेवढ्यात मागून एक वयस्कर बाई फळांच्या फोडी घेऊन आल्या. नव्या नवऱ्याची आई. त्यांनी स्क्रीनवर माझ्याकडे बघितलं आणि चिनीत विचारलं, "ते लोक अजून फोन करतात?"

शूवेन म्हणाली, "नाही हो आई. ही माझ्या जुन्या ऑफिसच्या ओळखीतली. चिनी शिकतेय, सराव व्हावा म्हणून फोन करते."

आनआन म्हणाली, "नाही, ती नाइनाइ आहे."

शूवेनने तिच्या तोंडात सफरचंदाची फोड घातली. "तुझी नाइनाइ इथे आहे. दे बरं नाइनाइला एक फोड."

सगळं भराभर, हसत हसत. मला 'जेवलीस का'पलीकडे काही येत नाही असंच ती समजत होती. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "आनआन दमली आहे हं." मी हसले. मान डोलावली. "नीट जेव, आनआन, पुन्हा भेटू," असं शिकलेलं वाक्य म्हटलं. सूर एकही चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी रुईचिनला ती वाक्यं म्हणून दाखवली, कोणाची ते न सांगता. विचारलं, अर्थ काय? मनात आशा होती, कुठेतरी सूर चुकून अर्थ उलटा झाला असेल. तिने खाली बघितलं. "तिकडची बोली असेल मावशी, मला नाही लागत." तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग एकदम रडायलाच लागली. "मी तुम्हाला शिकवायलाच नको होतं." उपाहारगृहात सगळ्यांदेखत मीच तिची समजूत काढत होते.

पुढचे दोन रविवार फोन उचलला गेला नाही. मग निरोप आला, मे महिन्यात आम्ही गावाला असू. मी दिवसभर उत्तर जुळवत होते. ओरडावं असंही वाटलं, खोटं नाही सांगत. शेवटी चिनीत एवढंच लिहिलं, "मला ऐकून कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, चिनीत. आजवर ती माझ्याशी एक शब्द चिनी बोलली नव्हती. पहिलाच शब्द 'आई'. आतापर्यंत मी तिला नुसती वीबेके होते. पुढे ती रडत बोलत होती, भरभर, आणि मला निम्मंच कळलं. माणूस चांगला आहे. आनआनला जीव लावतो. सासूने एकच अट घातली होती, मागचं मागे राहू दे. मी धीट नाही आई, ती म्हणाली. पोरगी मोठी झाली की तिचा बाप कोण होता ते मी स्वतः तिला सांगेन. तोवर येऊ नका.

उरलेलं निम्मं मी कोणाला विचारलं नाही. रुईचिनला तर नाहीच.

तेव्हा तिकिटं रद्द कर, आस्गर. मला माहीत आहे, तू म्हणशील मी एकटा जातो, नुसता लांबून बघून येतो. जाऊ नकोस. तू लांबून बघणाऱ्यातला नाहीस. तू दार वाजवशील, पोरगी दार उघडेल, आणि तुला तिला 'मी कोण' एवढंही सांगता येणार नाही. त्यापेक्षा मे महिन्यात इकडे ये. बोट घेऊन ये. मी भात करीन. एस्बेनचं बोलू, तो गेल्यापासून आपण त्याचं बोललोच नाही, नुसती मासे आणि गुडघे यांचीच पत्रं लिहीत राहिलो.

गुओ बाईंनी परवा विचारलं, पुढच्या वर्षी येणार का? मी नाव घालून आले. का म्हणून विचारू नकोस. आनआन मोठी होईल तेव्हा मी पंच्याहत्तरी ओलांडलेली असेन, कदाचित नसेनही. पण तिने कधी फोन केलाच, तर इकडे तिचं बोलणं कळणारं कोणीतरी हवं. नुसती मान डोलावणारं नको.

पत्र वाचून लगेच फोन करू नकोस. आधी थोडं रडून घे. मीही तेच केलं.

एस्बेनची आई,
वीबेके