काढ्याची दुसरी बाटली

मुंबई, ९ फेब्रुवारी २००७

ति. नीलम्मा अक्कांना शरणार्थ,

आम्ही ठीक आहोत. भाजीला चव नाही म्हणून तुमचे भाऊ माझ्याशी भांडतात, म्हणजे अंगात जोर आहे.

यकृताच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाच्या चाचणीत त्यांना घेतलं होतं. शरीराची प्रतिकारशक्तीच गाठीवर सोडायची, असं ते औषध. पण परवा रक्त तपासलं तर यकृत एकाएकी जास्तच बिघडलेलं. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर हे म्हणाले, "अक्कानं काविळीचा काढा दिलाय की. रोज घेतोय."

माझ्यापासून लपवून! वर मलाच ऐकवतात, "तू कॉन्व्हेंटवाली, ओतून टाकला असतास." टाकलाच असता.

काढा बंद केलाय. सोमवारी पुन्हा रक्त तपासतील. सुधारणा नसेल तर चाचणीतून काढतील, आणि डॉक्टरांकडे दुसरा उपाय नाही. हे मी यांना सांगितलेलं नाही.

तुमच्यावर राग आहे, पण तो नंतर. दुसरी बाटली मात्र पाठवू नका. गुडघे कसे आहेत?

सोमवारी लिंगपूजेला जरा जास्त वेळ बसा. मला शाळेतल्या इंग्रजी प्रार्थनाच तेवढ्या येतात, आणि त्या सगळ्या म्हणून झाल्या.

तुमची,
गिरिजा