एक पेपर बाकी असताना

मी, चिमणाबाई सयाजी इंगवले, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी खानावळ व सध्या शिक्षण, राहणार विद्यापीठामागचा रस्ता, कोल्हापूर, आज सकाळचा चहा घेऊन, चष्मा लावून व पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवते की, खालील व्यवस्था माझ्या मर्जीची आहे. कुणी गळ घातलेली नाही की धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवणारा माणूस अजून या गल्लीत राहायला आलेला नाही.

लिहिण्याचे कारण माझे गुडघे. मुलगा अमरसिंह याने ऑपरेशनची तारीख नोव्हेंबरची घेतली होती. ती मी डिसेंबरवर ढकलली, कारण नोव्हेंबरात माझा बी.ए.चा राहिलेला एक पेपर आहे. भुलीचे काही सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

१. हे दोन मजली घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीतून, म्हणजे छत्तीस वर्षांच्या भाकऱ्यांतून उभे राहिले आहे. वरचा मजला अमरसिंह यास. तळमजला मुलगी क्रांती हीस, मात्र या अटीवर, की खानावळीच्या पंगती बसत तो सोपा विकायचा नाही व मोबाईलच्या दुकानाला द्यायचा नाही. तिथे बाहेरगावच्या मुलींनी अभ्यासाला बसावे. चहाची सोय क्रांतीने करावी. ती जयसिंगपूरला शिक्षिका आहे, मुली उपाशी पोटी वाचतात नि कुणाला सांगत नाहीत हे तिला ठाऊक आहे.

२. मोठी पातेली, परात व झारे आचारी बाळासो यास. तीस वर्षांत त्याने आमटीचे मीठ एकदाही चुकवले नाही. हे मी त्याला तोंडावर कधी म्हटले नाही, ते इथे म्हणते. सून प्रियदर्शनी हीस चटणीचे खरे प्रमाण. आजवर तिला तीळ निम्मेच सांगत आले. मी बाहेरून दहावी झाले तेव्हा तिने 'आता हौस फिटली ना?' असे विचारले होते, त्याचा हा राग. आता राग गेला. कागद तिळाच्या डब्यात आहे.

३. आता त्या पेपराबद्दल. एप्रिलमध्ये पहिलाच प्रश्न आला, 'राज्याच्या जडणघडणीत सार्वजनिक विद्यापीठाची भूमिका स्पष्ट करा', गुण सोळा. वाचून मला हसू फुटले. छत्तीस वर्षे मी याच प्रश्नाला जेवायला वाढत होते!

मी लिहिले की, शाहूवाडीहून राजवीर पोवार शिकायला आला तेव्हा त्याच्या वाडीतले लोक सरकारी कागद वाचून घ्यायला दुसऱ्या गावाला जात. खानावळीला द्यायला काही नव्हते, म्हणून त्याच्या आईने तांदळाचे पोते पाठवले. आज तो वकील आहे, वाडीचे कागद फुकट वाचतो, आणि माझा हा कागदही त्यानेच तपासला आहे. इचलकरंजीची अवंतिका मागांच्या खडखडाटात वाढलेली. शांततेत तिचा अभ्यासच व्हायचा नाही. ती माझ्या मिक्सरशेजारी बसून भौतिकशास्त्र वाचायची. आज विदर्भात कॉलेजात शिकवते. मी राज्यात कुठल्याही कचेरीत गेले तरी कुणीतरी उठून खुर्ची देतो. 'मावशी, वळकलं न्हाय व्हय? तुमच्या आमटीवर तीन वर्सं काढली की!' ज्यांच्या घरी कुणाला अर्ज लिहिता येत नव्हता, त्यांची पोरे आज अर्ज मंजूर करतात. राज्य म्हणतात ते हेच, असे मी लिहिले.

तीन तास गेले, तीन पुरवण्या भरल्या. पर्यवेक्षक मुलगी जवळ आली.

"आज्जी, बाकीचे प्रश्न?"

"पोरी, ह्योच संपंना की!"

घंटा झाली. ऐंशीपैकी पंधरा. पास व्हायला बत्तीस लागतात. घरी येऊन मी रडले, खोटे कशाला बोलू? सातवीत शाळा सुटली तेव्हापासून ही पदवी मला हवी आहे, आणि एका उत्तराच्या नादात ती मी घालवली. मग उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. सोळापैकी पंधरा! रडू पळाले. कापलेल्या एका गुणाशेजारी लाल शाईत होते, 'उदाहरणे जास्त.' त्या परीक्षकास मी माफ करते, पण तो माझ्याकडे कधी जेवलेला नसावा. झेरॉक्स फ्रेम करून सोप्यात लावावी, म्हणजे मुलींना कळेल की बाकीचे प्रश्नही सोडवायचे असतात.

४. दीर नृसिंह. मालक गेल्यावर मी खानावळ काढली, तेव्हा हे म्हणाले, "पोरांच्या पंगती वाढणं आपल्या घराण्यात बसत न्हाय." बी.ए.चा फॉर्म भरला तेव्हा, "वैनी, आता कलेक्टर व्हतीस का काय?" पण प्रत्येक पेपराला यांनीच मला स्कूटरवरून नेले आणि सुटेपर्यंत झाडाखाली बसून राहिले. हे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे राजवीर सांगतो. बरेच झाले. त्यांना फक्त काम ठेवते. मी पास झाले आणि पदवीदानाला हयात नसले, तर इस्त्रीचा सदरा घालून पदवी त्यांनी आणावी व वाटेत भेटेल त्याला दाखवावी.

५. पास न होताच गेले, तर विद्यापीठाकडे कुणी गयावया करू नये. फक्त निधनाच्या बातमीत माझ्या नावाआधी 'विद्यार्थिनी' असे छापावे.

कोल्हापूर, १२ जुलै २०२५. सही केली आहे. राजवीरनेही केली. नृसिंह भावजींनी मात्र कागद वाचून पेन खाली ठेवले. "मी सही केली म्हंजी तू जायला मोकळी. आधी पेपर दे, मग बगू." त्यामुळे कागद कपाटात ठेवत आहे.

पुरवणी, २० जानेवारी २०२६

पेपर दिला. भावजींचे घड्याळ मनगटावर बांधून, प्रत्येक प्रश्नाला मोजून पंचवीस मिनिटे. ऐंशीपैकी एक्कावन्न! गुडघेही झाले. वॉकर धरून गल्लीभर पेढे मीच वाटले. पदवी आणायला मी स्वतः जाणार आहे, सबब कलम ४ मधले काम व कलम ५ रद्द समजावे.

आज भावजी डोळे पुसत, पेन घेऊन सहीला आले. मी त्यांना सांगितले की वर लिहिलेल्या धंद्यात बदल नाही, एम.ए.चा फॉर्म सकाळीच आणला आहे. त्यांनी पेनाला टोपण लावले आणि पेन खिशात घातले.

"म्हंजी अजून दोन वर्सं," ते म्हणाले. "मग सहीची घाई न्हाय. स्कूटरचं टायर तेवढं बदलून आणतो."

चिमणाबाई सयाजी इंगवले, बी.ए. (सही)

साक्षीदार १: राजवीर पोवार, वकील (सही)

साक्षीदार २: नृसिंह इंगवले (सही बाकी)