आई असल्याचा पुरावा

१४ मार्च २०१५, केंब्रिज, कॅनडा

आईला परत पाठवलं! विमानतळावरूनच! मी आणि जयदीप बाहेर उभे, माझ्या हातात तिच्यासाठी घेतलेला जाड कोट, आणि आत तिची उलटतपासणी चाललेली. शेवटी अधिकाऱ्याचा मला फोन. "इज शी युवर मदर ऑर युवर आन्ट?"

"मदर."

"पेपर्सवर आन्ट आहे."

"आन्टपण आहे," मी म्हटलं. झालं! तिथेच सगळं बोंबललं.

१५ मार्च

जरा शांत डोक्याने लिहिते. मंदाकिनी नात्याने माझी काकू. पण मला कळायला लागल्यापासून तिनेच वाढवलं, म्हणून तीच आई. जिने जन्म दिला तिला मी सुनेत्राकाकू म्हणते. कराडला कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. काकांना मूल नव्हतं, भावाची मुलगी घेतली — घरातल्या घरात कागद कोण करतो?

जन्मदाखल्यावर अर्थात सुनेत्रा. म्हणून जयदीपने व्हिसाच्या अर्जात प्रामाणिकपणे 'आन्ट' लिहिलं. आणि आईने काउंटरवर तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं — लेकीकडे आलेय. दोघंही खरं बोलले आणि ती खोटारडी ठरली! वर्षभर यायला बंदी.

१६ मार्च

आई घरी पोचली. फोनवर पहिलं वाक्य — "लाडू तसेच परत आणलेत गं. आता कुणाला देऊ?" फोन जयदीपच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

४ जानेवारी २०१६

तिला कायमचं इथे आणायचं. स्पॉन्सरशिपची फाइल आज कुरियर केली. या वेळी ठणकावून लिहिलं — मदर. जयदीप म्हणतो, "अगं, एकदा आन्ट, एकदा मदर... ते हसतील." हसू देत.

९ ऑगस्ट २०१८

नकार! अडीच वर्षं ताटकळत ठेवून! 'कायदेशीर दत्तक घेतल्याचा पुरावा नाही.' कांजिण्या आल्या तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? गॅदरिंगला साडी कुणी नेसवली? हे लिहायला त्यांच्याकडे जागा नाही.

बरं, काकू म्हणून बोलवावं, तर तेही जमत नाही. का? तर मला नवरा आहे! ज्याला जवळचं कुणीच नाही त्यालाच काकू बोलवता येते म्हणे; एकटी असते तर चाललं असतं. "मी बेसमेंटमध्ये शिफ्ट होऊ का?" इति जयदीप. हसावं की लाटणं फेकून मारावं, कळेना.

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात आई मोरीत पडली. सकाळी पडलेली, शेजाऱ्यांना दुपारी कळलं. तिथे एकटीने किती दिवस काढायचे तिने?

२ सप्टेंबर

अपील करायचं. ब्रॅम्पटनला वकीलबाईंकडे गेलो, उमाजी. त्या हिंदीत समजावत होत्या — "काग़ज़ नहीं है तो रस्म बताइए. बच्ची किसने दी, किसने ली, दोनों के मुँह से चाहिए."

लगेच आईला विचारलं. "हो तर! सुनेत्राने माझ्या मांडीवर दिली तुला. गूळ वाटला होता." मग इतकी वर्षं बोलली का नाहीस बाई! खूप दिवसांनी नीट जेवले.

२० ऑक्टोबर २०१९

सुनेत्राकाकूला फोन. एरवी आम्ही दिवाळीला बोलतो, तेही तब्येतीपुरतं. सगळं समजावलं. म्हटलं, "तू फक्त सांगायचंस, मी दिली."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "शपथ घ्यायला लावतात का गं?"

"लावतात."

"बरं."

कसली कोरडी बाई! तिकडे आई एकटी पडलीय आणि हिला शपथेची चिंता. फोन ठेवल्यावर जयदीपवर उगाच डाफरले.

१२ नोव्हेंबर

उद्या सुनावणी. बाहेर बर्फ. शंभरदा तेच घोकतेय — सुनेत्राकाकूने "दिली" म्हटलं की सुटलो.

१३ नोव्हेंबर

दोघी कराडहून एकाच फोनवर. आईने सांगितलं, मांडीवर दिली, गूळ वाटला. मग सुनेत्राकाकू.

"मी दिली नव्हती. धाकट्याच्या वेळी बाळंतपणात अंथरूण धरलं, म्हणून तेवढ्यापुरती मंदाकडे ठेवली होती. बरी झाले तशी न्यायला गेले. तर ही मंदाला आई आई करत बिलगलेली, माझ्याकडे येईना. मी एकटीच परत गेले."

दुभाषा इंग्रजीत सांगेपर्यंत मी टेबलाची कड धरून बसले होते. निकाल देणाऱ्या बाईंनी आईला विचारलं — हे खरं आहे का? सगळं आता तिच्या उत्तरावर होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

"खरं आहे," आई म्हणाली. "न्यायला आली होती ती. मीच सोडली नाही."