लाल कापडावरची पाच काजं

प्रिय ठकू,

तुझं पत्र पोचलं. भाषणासाठी बाबांचे शेवटचे शब्द हवेत म्हणतेस. थांब जरा, आधी दुसरंच सांगते.

गेल्या आठवड्यात संग्रहालयाचे साहेब स्वतः घरी आले. उठावाला पंचवीस वर्षं होतायत, म्हणून तो लाल झेंडा काचेच्या पेटीतून काढला, तर कसर लागलेली. पहिल्या हुतात्म्याच्या बायकोच्या हातूनच रफू व्हावा, अशी समितीची इच्छा. माझा जन्म सुईदोऱ्यात गेलाय, म्हटलं, द्या. इतकी वर्षं लांबून काचेआड बघितलेला, परवा पहिल्यांदा मांडीवर आला. चष्मा पुसून खिडकीशी बसले आणि कापड उजेडात धरलं गं.

पेटीवरच्या पाटीत लिहिलंय ना, पाच हुतात्मे, पाच गोळ्यांची भोकं? शाळेतल्या मुलांना काठीनं एकेक दाखवतात. अगं, गोळ्या काय टेप लावून येतात? एका रेषेत, सारख्या अंतरावर? ती काजं आहेत. माझ्या हातची. शेवटच्या काजाचा टाका वाकडा गेलाय, कारण तू त्या सकाळी माझ्या मांडीवर नुसती किरकिरत होतीस.

तो झेंडा नाही, ठकू. परक्यांच्या फौजेतल्या कप्तानाचा कोट आहे, त्याची पुढची एक बाजू. तुझ्या बाबांनी शिवलेला. दुपारच्या परेडीआधी पोचवायचा होता. चौकात जमाव होता, बंदुका सुटल्या, बाबा पडले, गाठोडं सुटलं. ओढाताणीत कोट फाटला आणि कुणीतरी ते लाल कापड काठीला बांधून उंच धरलं. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की शिंपी झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे होता. बाकीच्या चौघांतले दोघे विद्यार्थी खरंच घोषणा देत गेले, त्यांचा मान मोठाच आहे. बाबा मात्र गिऱ्हाइकाकडे निघाले होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पुढे शाळेत तुला हुतात्म्याची मुलगी म्हणून पहिल्या बाकावर बसवायला लागले आणि माझी जीभच रेटेना.

कापडावर गोळीचं भोक एकच आहे, खांद्याजवळ, कडा करपलेल्या. समितीला ते कसरीचं वाटलंय, बुजवायच्या यादीत टाकलंय. कसरीची बाकीची सगळी बुजवली. त्याला मी हात लावणार नाही.

आता तू मागितलेले शब्द. बाबा जायला तयारच नव्हते. चौकात शिपाई उभे आहेत, आज राहू दे गं, म्हणाले. मी चिडले. कबूल केलेली वेळ चुकली तर कप्तान दुकानाला कुलूप ठोकेल, याचीच मला धास्ती. म्हटलं, मग बांगड्या भरा आणि बसा चुलीपाशी. त्यांनी गाठोडं छातीशी धरलं, चपला घातल्या आणि गेले. ‘आज राहू दे गं’, एवढेच त्यांचे शेवटचे शब्द. त्यांना घराबाहेर मी काढलं, ठकू. पंचवीस वर्षं त्यांच्या नावाचे हार मी गळ्यात घालून घेतले आणि दर वेळी मला माझीच किळस आली. समारंभात काय बोलायचं ते तू ठरव, मी अडवणार नाही. पण पुढच्या रांगेत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडणार आहेत. हे वाचूनही माझ्या शेजारी बसवेल असं वाटलं, तरच मला न्यायला ये.

तुझीच,
आई