माझ्या जागी चाचा गेलाय

माय,

सकाळपासून खोलीला आतून कडी लावून बसलोय. बसलोय म्हणजे काय, तुला माहीतच आहे माझं. घडीभर बूड टेकतं, मंग उठतो, खिडकीपर्यंत जातो, खालच्या चहावाल्याकडं बघतो, परत येतो. ह्या पोराच्या पायाला देवानं भिंगरी बांधूनच धाडलंय म्हणायचीस तू. आज ती भिंगरी खोलीतल्या खोलीत फिरून राह्यली. कारण असं आहे की मी हे लिहून राह्यलो त्याच वक्ताला इथं हैदराबादच्या रिंगरोडवर एक गाडी जीव खाऊन पळत असंल, आणि तिच्या स्टेरिंगवर मी असायला पाहिजे होतो. माझ्या जागी चाचा गेलाय. चाचा म्हणजे आमच्या वर्कशॉपचा फोरमन. म्हातारपणाला टेकलेला माणूस, गुडघे धरतात, गाडीखालून निघाला की ‘या अल्ला’ म्हणूनच उभा राहतो. मी आठवी नापास, जालन्याच्या स्टील मिलमधून पळालेला, एका गॅरेजात चार महिने तर दुसऱ्यात दोन. असल्या पोराला त्यानं हाताला धरून काम शिकवलं. आणि आज तो त्या गाडीत आहे.

ती गाडी तुला कशी सांगू? आपल्या राजूरच्या गणपतीला लोक नव्या गाड्या पुजायला आणायचे ना, ट्रॅक्टर, जीप, फटफटी, तसली न्हाई ही. जमिनीला चिकटलेली, आत बसायचं तर आधी डोकं घालायचं मंग पाय. चालू केली की शेजारच्या गाड्यांच्या काचा थरथरतात. जोरात पळायसाठीच बनवलेली, घेणारा पण त्याच्यासाठीच घेतो. मालक तरणा माणूस आहे, कंप्युटरवर काम करणारा. गाडी घेऊन वर्ष न्हाई झालं आणि तिसऱ्यांदा आमच्याकडं आली. तक्रार एकच, जोरात पळताना इंजिन आपोआप बंद पडतं. लाल लाईट न्हाई, धूर न्हाई, साधा ठसका न्हाई. बाजूला घेऊन बटण दाबलं की लगेच चालू. आणि आमच्या दारात आली की पाहुण्यांसमोरच्या सुनेसारखी गपगार चालती. मशीन लावून बघितलं, सगळं बराबर. कंपनी म्हणती, गाडी वॉरंटीत आहे, लागलं तर इंजिन बदलून देऊ, पण आधी दोष दाखवा. रेकॉर्ड न्हाई तर दोष न्हाई. त्या मालकाची बायको एकदा संगं होती तेव्हा गाडी पुलावर बंद पडली. तो आमच्या मॅनेजरला म्हणला, ‘मेरी बीवी झूठ रोई क्या फिर?’ मंग इलाज एकच राहतो, माय. लॅपटॉप जोडायचा आणि कोणीतरी ती गाडी बंद पडेपर्यंत पळवायची. माझा हात जल्दी, बायको न्हाई, लेकरू न्हाई, म्हणून बोट माझ्याकडं.

मला त्या दिवसापासून राजूरच आठवून राह्यलं. देवळाच्या पायऱ्यांखाली उजव्या अंगाला तुझी टोपली, नारळ, जास्वंद, दुर्वा, लिंबं, बोनटवर बांधायचे लाल कपड्याचे तुकडे. तुझी बोटं कायम शेंदरानं तांबडी. एक चतुर्थी तर डोळ्यासमोरून हलत न्हाई. ऊन आहे, गर्दी आहे. भोकरदनच्या अंगाचा एक पोरगा नवीकोरी फटफटी घेऊन येतो आणि उतरायच्या आधीच ओरडतो, ‘मावशे, नारळ दे, लिंबू दे, जल्दी कर, जालन्याला जाऊन माघारी यायचंय मला.’ तू त्याच्याकडं बघत पण न्हाईस. बांधून ठेवलेली दुर्वाची जुडी सोडतीस आणि एकेक काडी निवडत बसतीस.

‘अगं बांधलेली होती की ती!’

‘गवत आलंय त्यात. बस तिथं सावलीला.’

‘आलं तर आलं. देवाला काय कळून राह्यलं?’

‘देवाला न्हाई कळत बाबा, पण मला कळतंय ना. बस. पाणी पेतो का?’

पोरगा चरफडत बसतो. पाणी पितो, तोंड पुसतो, फटफटी मामानं दिली म्हणून सांगतो, बहिणीच्या सोयरिकीचं सांगतो. बोलता बोलता त्याचा आवाज खाली येतो. मंग तू जुडी देतीस आणि तो हळू गाडी काढून जातो. मी विचारलं, ‘माय, जुडी तर चांगली होती.’ तू म्हणालीस, ‘जुडी चांगली होती, पोरगं तापलेलं होतं.’ किती जणांना तू तसं बसवलंस त्याचा हिशेब न्हाई. बाकीचे दुकानवाले म्हणायचे, ही बाई गिऱ्हाईक घालवती.

आणि त्या टेम्पोवाल्याचं. पूजा झाल्यावर त्यानं लाडानं मला स्टेरिंगवर बसवलं आणि मी चावी फिरवली. टेम्पो गिअरमधी होता, उडी मारून शेजारणीच्या नारळाच्या ढिगात घुसला. तू पळत आलीस, मला खाली ओढलंस आणि एक ठेवून दिलीस. ‘भ्या न्हाई वाटलं का तुला?’ मी छाती काढून म्हणलो, ‘न्हाई.’ मंग दुसरी बसली, पहिलीपेक्षा जोरात. म्हणालीस, ‘पहिली टेम्पोची होती. ही खोटं बोलल्याची. वाटलं तर वाटलं म्हणावं. ज्याला भ्याच वाटत न्हाई त्याची गाडी पुजायला माझा हात उचलत न्हाई.’ टेम्पोवाला हसून म्हणला, ‘जाऊ द्या ना वहिनी, लेकरू आहे.’ तू त्याला पण सोडलं न्हाईस. ‘तुम्ही तर लेकरू न्हाईत ना?’ म्हणालीस.

सोमवारी मी गेल्तो, माय. बाजूला कंपनीचा माणूस, माझ्याच वयाचा, चष्म्याचा, मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर स्टेरिंगच्या खाली जोडलेली. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, तरी मधूनच ट्रक. तो म्हणतो, ‘थोडा और.’ मी दाबतो. ‘थोडा और.’ काटा मी कधी बघितला न्हाई अशा आकड्यावर जातो. बाहेरची झाडं झाडं राहत न्हाईत, नुसती हिरवी रेघ होती. इंजिनाचा आवाज छातीत घुमून राह्यला आणि एकदम, माय, काहीच न्हाई. दुपारी रिकाम्या रानात उभं राहिल्यागत शांत. फक्त टायरची सूं सूं आणि वारा. गाडी तर पळतच होती. मी घाबरून ब्रेक दाबला, तो लागला, मी पाय सोडला. हीच चुकी. इंजिन बंद असताना ब्रेकला जोर मिळत न्हाई, आतमधी साठलेला असतो तेवढाच. दुसऱ्यांदा दाबला तर पायाखाली दगड. स्टेरिंग पण जड. मागं ट्रक, त्याचा हॉर्न माझ्या मानेत. कसा बाजूच्या पट्ट्यावर घेतला, मला आठवत न्हाई. दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राह्यलो होतो एवढंच आठवतंय. गाडी थांबली तेव्हा कंपनीचा माणूस वरची मूठ धरून डोळे मिटून बसला होता. जोरात पळतानाच त्यानं गुडघा दाराकडं ओढला होता आणि वायर निघाली होती. रेकॉर्ड इंजिन बंद पडायच्या आधीच संपलेलं. तो रडकुंडीला येऊन ‘सॉरी, सॉरी’ म्हणत राह्यला. मी बटण दाबलं. चालू झाली, एका झटक्यात, काही झालंच न्हाई अशी. मला त्या बंद पडण्यापेक्षा त्या चालू होण्याचं भ्या जास्त वाटलं.

वर्कशॉपमधी आलो तर सगळे गोळा. ‘क्या रे जालनेवाले, उड के आया?’ मी हसलो. चाचा पुढं आला, माझं तोंड निरखून म्हणला, ‘डर लगा क्या बेटा?’ आणि मी म्हणलो, ‘नै चाचा, डर काय का? मस्त चलती. ब्रेक भी बराबर.’ तू तिथं असतीस तर दुसरी चापट बसली असती. मॅनेजर म्हणला, शाबास, गुरुवारी परत घेऊ, ह्या वेळी वायरला टेप मारू. मी हौ म्हणलो. पोरांनी पाठीवर थापा मारल्या. दुपारी एका साध्या गाडीच्या चाकाचा नट लावायला घेतला तर तो हातातून तीनदा खाली पडला. कोणी बघितलं न्हाई. झोपायला गेलो तर डोळे मिटले की इंजिन बंद पडल्यागत सगळं शांत व्हायचं. अजून पण होतं. मिक्सर बंद झाला, पंखा बंद झाला, तरी माझा पाय आपोआप पुढं जातो.

बुधवारी मी मॅनेजरला फोन केला. नुसतं म्हणायचं होतं, सर, मला भ्या वाटून राह्यलं, मी न्हाई चालवत. किती सोपं आहे. चार वेळा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. त्यानं ‘हलो’ म्हणलं आणि माझ्या तोंडातून निघालं, ‘सर, माँ बीमार है. गाँव जाना पडेंगा.’ तो म्हणला, जा, जा. पण चाचा बाजूलाच होता, त्यानं फोन घेतला. ‘क्या हुआ अम्मी को? कौन से दवाखाने में हैं?’ मी म्हणलो जालन्याला, सरकारी. खोटं बोलताना पण मला दवाखाना तोच आठवला, जिथून तुला शेवटचं घरी आणलं होतं. ‘तू जा बेटा, गाडी की फिकर नक्को कर, मैं ले के जाता.’ मी कितीदा नक्को म्हणलो. तो म्हणला, ‘अरे तेरे कू किसने सिखाया चलाना? मैंने इच ना?’ संध्याकाळी, मी निघायच्या आत, खोलीवर एक पोरगं पाठवलं, त्याच्या हातात खजुराचा पुडा. कमजोरीला चांगला असतो, अम्मीला दे म्हणून. तो पुडा इथं माझ्यासमोर आहे. मी गावाला गेलो न्हाई. राजूरला कोणाकडं जाऊ? तुझ्या जागेवर आता मोबाईलचं कव्हर विकणारा बसतो.

म्हणून कडी लावून बसलोय. वर्कशॉपचं कोणी ह्या गल्लीतून गेलं तर दिसायला नको. खोलीतली दोघं तेलुगू आहेत, कामावर गेलीत. पण माय, लपलोय ह्याची मला लाज न्हाई, दुसऱ्याची आहे. मी चाचाला सांगितलं ब्रेक बराबर. जे खरं होतं ते माझ्याजवळ ठेवलं आणि त्याला गाडीत बसवलं. तो जाणता आहे, इंजिन बंद असताना ब्रेकचं काय होतं ते त्याला माहीत असणारच. पण माहीत तर मला पण होतं. आणि त्याचे गुडघे. दोन्ही पायांनी उभं राहायला गुडघे लागतात. दोनदा चप्पल घालून खाली गेलो, वर्कशॉपला जाऊन सगळ्यांसमोर सांगतो म्हणून. चहावाल्यापर्यंत गेलो आणि माघारी आलो. फोन करावा तर चाचाला खोड आहे, गाडी चालवताना पण फोन उचलतो, कानाला लावून ‘बोल बेटा’ म्हणतो. माझाच फोन त्याला त्या वक्ताला जायचा, ह्याच्या भ्यानं फोन पालथा घालून ठेवला. शेवटी आवाजाचा मेसेज धाडला, ‘चाचा, ब्रेक बराबर न्हाई. इंजिन बंद हुआ तो एक बार दबाना, छोडना नक्को.’ त्यावर एकच खूण आली. पोचला न्हाई. मघापासून तीच बघून राह्यलो. खाली एखादी रिक्षा बंद पडली तरी उठून खिडकीशी जातो. देवाला काही बोलावं तर ते पण जमेना. लोकांनी लिंबू मागितलं की तू द्यायचीस, पण ‘आता काही होणार न्हाई’ असं कोणालाच म्हणायची न्हाईस. ‘सांभाळून जा’ एवढंच. मी चाचाला तेवढं पण म्हणलो न्हाई.

एवढं लिहिलं आणि फोन वाजला. चाचाच. दोनदा वाजू दिला, दुसरंच कोणी त्याच्या फोनवरून बोललं तर, म्हणून. उचलला तर मागं ट्रकचा आवाज, आणि हा हसून राह्यला. ‘पकड लिए रे! दो बार बंद हुई. पूरा रेकॉर्ड हुआ. वो चष्मे वाला नाच रहा इधर.’ पेट्रोलचा पंप गरम झाला की दाब सोडतो, झिजून त्याचा लोखंडाचा चुरा इंजिनात गेला असंल, कंपनी सगळं बदलून देणार म्हणला. चाचा म्हणला, ‘तेरा मेसेज अब्बी सुना. पागल, तेरी उमर से जास्ती ब्रेक दबा को बैठा मैं.’ मंग म्हणला, ‘पैले बोलना था ना बेटा.’ रागानं न्हाई. मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

खोलीत कोणाला मराठी वाचता येत न्हाई, म्हणून हा कागद गादीखाली ठेवला तरी चालतंय, धाडायचा कुठं न्हाईच. पण एक राह्यलं, ते तुलाच सांगायला पाहिजे. फोन ठेवता ठेवता चाचा म्हणला, ‘अम्मी कू फोन दे जरा, सलाम बोलता.’ आता तरी सांगायचं होतं. मी म्हणलो, झोपलीय. ‘अच्छा, अच्छा, उठा नक्को,’ तो म्हणला, ‘सोने दे.’ मी हौ म्हणलो. आणि माय, ते हौ मी एकदम हळू आवाजात म्हणलो, तू खरंच बाजूला झोपल्यागत.